देवचाराची गरम वाईन

अहो, दारू कधी कोणी तापवतं का? पाणी तापवावं, दूध तापवावं, फार तर नवऱ्याचं डोकं तापवावं. पण आमचे हे बोटीवरून रजेवर आले, ट्रंक उघडायच्या आधी वळकटी सोडली, तिच्यातून दोन काळ्या बाटल्या काढल्या आणि मला म्हणाले, "ही वायन. ही गरम करूची आणि पियाची." मी म्हटलं, झालं! दोन वर्षं खाऱ्या वाऱ्यात राहून ह्यांचं डोकं फिरलं.

गोवा तेव्हा नुकताच आपल्यात आला होता. पण आपल्याकडे दारूबंदी होती, म्हणून बांद्याच्या नाक्यावर एसटीतलं सामान उलटंपालटं करून बघत. ह्यांची बोट मुरगावला लागली, बोटीवरच्या गोंयकार स्वयंपाक्याने ह्यांना ह्या दोन बाटल्या दिल्या, आणि हे निघाले त्या वळकटीत घालून. नाक्यावर शिपाई वळकटीला हात घालणार, तोच हे कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "साहेब, हात लावू नका, मला खरूज झाली आहे." शिपायाने हात असा मागे घेतला की बस्स! वर स्वतःचा तळवा पँटीला पुसला. हे सांगताना हे एवढे हसले की मलाही हसू आवरेना, आणि नंतर अंग उगीच खाजत राहिलं ते वेगळंच.

हसलो, पण हळू. कारण पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, सासरे जाळं सांधत बसले होते.

ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला पुढचं काही कळायचं नाही. मी कसालकडची, भातशेतीवाल्यांची मुलगी. लग्न होऊन मालवणच्या बाजूला किनाऱ्यावर आले. सासरे रापणीचे तांडेल. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं ते भलंमोठं जाळं. अख्खी वाडी दोन्ही दोऱ्यांना लागते आणि तांडेल सांगेल तसं ओढते. आमचे हे थोरले. त्यांच्या हातात ती दोरी जायची होती. पण हे मिसरूड फुटायच्या आत मुंबईला पळाले आणि बोटीवर पॅन्ट्रीत लागले. सासरे तेव्हा म्हणाले होते, "दर्याचो राजा होवक व्हयो होतो, तो गोऱ्यांची उष्टी भांडी घासूक गेलो." आणि त्या दिवसापासून लेकाशी बोलणं बंद. लेकाने पाठवलेली लोकरीची बंडी ट्रंकेत पडून, आणि सासरे सकाळी घोंगडं पांघरून कुडकुडणार. त्याने आणलेली चहाची पत्ती घरात उकळली की सासऱ्यांचा चहा बंद. हे रजेवर आले की सासरे मला मध्ये घालत. "गो, त्या पावण्याक सांग, वाटेत ट्रंक ठेव नको." पोटचा मुलगा चार हातांवर उभा, त्याला 'झिला', म्हणजे 'मुला', अशी हाक मारायची सोडून म्हणे पावणा! मला असा राग यायचा ना!

तर ती वाईन. हे मला चुलीपाशी बसून सांगू लागले. उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरात बोट लागली होती, बर्फ पडत होता, ह्यांची बोटं वाकेनात. तेव्हा त्या गोंयकाराने टोपात लाल वाईन ओतली, दालचिनी, लवंग, जायफळ, नारंगीची साल, साखर घातली, गरम केली आणि डावाने कपात घालून ह्यांच्या हातात दिली.

"पयलो घोट घेतलंय," हे म्हणाले, "आणि माका बापूस दिसलो. पुसाच्या महिन्यात पहाटे छातीयेवढ्या पाण्यातसून रापण ओढून येय, दात वाजत. मी ल्हान होतंय. शेकोटी करून दियाचंय, पण तेचो काय हिंव जायत नसा. तेका ह्या दिवक व्हया, असा माका वाटला. माझ्या हातान. एकच घोट." आणि मान फिरवून चुलीत उगीच फुंकर घालायला लागले. चूल तर चांगली पेटलेली होती.

बस्स, माझं ठरलं. म्हटलं, ह्यांची रजा संपायच्या आत सासऱ्यांच्या घशाखाली हा घोट उतरवीन तर खरी!

दुसऱ्याच दिवशी सासरे रापणीवर गेल्यावर आम्ही पहिली बाटली फोडली. बूच काढायला स्क्रू नव्हता, ह्यांनी गळ सरळ करून तो घुसवला आणि बूच अर्धं आत पडलं. नारंग्या आमच्याकडे कुठल्या? परसातल्या ईडलिंबाची साल काढली. साखरेऐवजी गूळ. हे म्हणाले टोप पाहिजे, सासूबाई म्हणाल्या, "पितळेत आंबट घालतंस? तुका बोटीर हीच अक्कल शिकवल्यानी?" आणि मातीचं मडकं पुढे केलं. वाईन चुलीवर चढली आणि वास सुटला, अहाहा! मी दारूचा वास आला तर पदर नाकाला लावणारी बाई, पण मान पुढे करकरून हुंगत होते.

"उकळूक दियाची नाय हां," हे म्हणाले. "नुसती वाफ येवक व्हयी." आणि नेमकं कोणीतरी बाहेरून हाक मारली म्हणून हे गेले, मी नारळाची सोडणं आणायला गेले, आणि चुलीपाशी राहिल्या सासूबाई.

आता सासूबाईंचंही चुकलं म्हणवत नाही. त्यांच्या लेखी लवंग-दालचिनी घालून चुलीवर ठेवलेलं पाणी म्हणजे काढा, आणि काढा म्हणजे आठाचा एक होईपर्यंत आटवायचा. त्यांनी बघितलं, मडक्यात बुडबुडा नाही. म्हणाल्या असतील, ह्या दोघांना चूलही पेटवता येत नाही. घातली आत चार सोडणं, केला जाळ. वर चव घेतली ती त्यांना गोडमिट्ट लागली, म्हणून ठेचली मूठभर तिरफळं आणि दिली टाकून. आमच्याकडे बांगड्याचं तिखलं तिरफळाशिवाय होत नाही, तर ही वाईन कशी सुटेल?

मी परत येते तो घरभर धूर, आणि मडक्याच्या बुडाशी डांबरासारखं काहीतरी रटरटतंय. हे धावत आले. आत बघितलं. "आये! ह्या काय केलंस?"

"काय केलंय म्हंजे? आटवलंय. तुमी घराक आग लावलास तरी ती आटूची नाय होती."

आता आहे तर चाखू या म्हणून तिघांनी बोट बुडवून चाखलं. तिरफळाने जीभ अशी बधिर झाली की कोणाला बोलता येईना. हे मला काहीतरी सांगताहेत, मला नुसतं "बब्ब बब्ब" ऐकू येतंय, सासूबाई पदराने जीभ पुसताहेत! हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. आणि त्याच वेळी दारात सासरे.

त्यांनी नाक वर केलं. मडक्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं. मला म्हणाले, "पावण्याक सांग, ही गोऱ्यांची नाटकां बोटीर करूची. माझ्या चुलीर नको." आणि त्या दुपारी जेवायला घरी आले नाहीत, होडीच्या सावलीत बसून शेजारच्या घरची पेज प्यायले. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. म्हणाले, "जांव दे. रवली ती बाटली मी जाताना कोणाकतरी दितंय." मी म्हटलं, "बाटलीक हात तर लावा, मगे बघतंय!" आणि उचलून तांदळाच्या कणगीत खोल खुपसून ठेवली.

आणि मग देवाच्या मनात आलं म्हणा, की पोलिसांच्या. त्याच आठवड्यात दारूबंदीवाल्यांनी पलीकडच्या वाडीवर धाड घातली. माडाच्या दारूची मडकी होती नव्हती ती फोडली. तुम्ही म्हणाल, बरं झालं. एरवी मीही म्हटलं असतं. पण राखण तोंडावर आली होती!

राखण म्हणजे देवचाराला द्यायचा वार्षिक मान. देवचार आमचा राखणदार. हातात काठी घेऊन वाडीच्या वेशीवरून फिरतो, जाळी सांभाळतो, होड्या सांभाळतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला नव्या वहाणा ठेवतात. त्याला कोंबडा लागतो, विडी लागते आणि दारू लागतेच लागते. दारूशिवाय राखण झाली आणि पुढे रापण फाटली, तर वाडीतल्या बायाबापड्या तांडेलाला उभा सोलतील. सासऱ्यांनी माणसं पाठवली इकडे, पाठवली तिकडे. कुठे थेंब मिळेना. जेवताना घास हातात धरून बसायचे आणि म्हणायचे, "आता काय करूचा?"

एका जेवणाला सासूबाई भात वाढता वाढता, जणू मिठाचं विचारताहेत तशा म्हणाल्या, "घरात आसा एक बाटली."

सासऱ्यांचा घास तसाच राहिला.

"कोणाची ती माका ठावक आसा."

"तुमका कोण पी म्हणता? देवचाराक द्या. देवचाराचा काय तेच्याशी भांडाण नाय."

बाई गं! मी आत भिंतीला टेकून ऐकत होते, टाळी वाजवायचीच बाकी होती. कारण राखणीतलं आधी देवचाराला, आणि मग प्रसाद म्हणून पहिल्यांदा गाऱ्हाणं घालणाऱ्याला. गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे बोलायचा, मान तांडेलाचा. प्रसादाला नाही म्हणायची कोणाची छाती आहे? सासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग मला हाक मारून म्हणाले, "पावण्याक इचार, बाटली दिता काय."

विचारते कसली! कणगीपाशी धावलेच मी.

पण सासूबाईंचं एवढ्यावर भागेना. "थंड कशी दियाची? पुसाचो हिंव पडलो हा. देवचाराक पण हिंव वाजता. तापवनच दिवक व्हयी," असं त्यांनी परस्पर जाहीर केलं, आणि मला डोळा घातला. सासूने सुनेला डोळा घातलेला मी तो पहिल्यांदा बघितला.

राखणीच्या दिवशी दुपारी मी चुलीपाशी बसले आणि सांगितलं, आज कोणी मध्ये यायचं नाही. ह्यांना मसाला मोजायला बसवलं आणि सासूबाईंना तिरफळांच्या डब्यासकट अंगणात पाठवलं. हे सारखे, "जाळ जास्त झालो काय गो?" "वाफ इली काय गो?" शेवटी मी म्हटलं, "माहेराक पोरपणापासून उकड्या तांदळासाठी भात उकडलंय. पाणी उकळाच्या आधी कसा थरथरता ता माका कळता. तुमी गप रवा!" चुलीतली लाकडं ओढून नुसत्या निखाऱ्यांवर मडकं ठेवलं. गूळ विरघळला, ईडलिंबाची साल वर तरंगायला लागली, कडेकडेने बारीक थरथर आली आणि मी मडकं उतरवलं. देवचाराची माफी मागून ह्यांनी चमचाभर चाखली. डोळे मिटून नुसते बसले. मग म्हणाले, "हीच. हीच ती." मला तर नाचावंसं वाटलं हो!

आता ती गरम कशी न्यायची? राखणीची जागा वाडीच्या टोकाला, वडाखाली. हे कोंबडा आणि बाकीचं सामान घेऊन पुरुषांबरोबर आधीच गेले. आम्ही मडक्यावर झाकणी घालून, टोपलीत गरम राखेत मडकं रोवून, वर फडकं बांधून निघालो. टोपली माझ्या डोक्यावर, पुढे सासूबाई. आणि सुरूच्या बनापाशी समोरून कोण यावं? सायकल ढकलत हवालदार! वाळूत सायकल रुतत होती म्हणून वैतागलेला.

"काय आहे टोपलीत? वास कसला येतो?"

मी टोपली दोन्ही हातांनी घट्ट धरली. सासूबाई मात्र एका श्वासात म्हणाल्या, "काढो, सायबा. ह्या माझ्या सुनेक हिंवताप भरलो हा."

मी लगेच दात वाजवायला लागले. मडकं डोक्यावर हिंदकळतंय, गरम राख मानेवर पडतेय, आणि मी कुडकुडतेय! हवालदाराने पुन्हा वास घेतला. "लवंग आहे वाटतं. माझाही घसा धरलाय कालपासून. घोटभर द्या बघू."

मेले, मेले! मला वाटलं, आता संपलं सगळं. पण सासूबाईंनी तोंडावर पदर ओढला आणि लाजून म्हटलं, "दिलंय असतंय, पण बायकांचो काढो तो. बापयान पियालो तर मिशी गळता."

हवालदाराची मिशी चांगली पिळदार होती. त्याने तिच्यावरून हात फिरवला, आमच्याकडे एकदा बघितलं आणि सायकल ढकलत निघून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही गप्प चाललो, आणि मग सासूबाई वाळूत फतकल मारून हसल्या. मला हसताही येईना, डोक्यावर देवचार!

राखणीला बायका जात नाहीत. दगडी गडग्याच्या अलीकडेच थांबायचं. हे गडग्यापाशी येऊन माझ्याकडून टोपली घेऊन गेले. मडकं अजून हाताला चटकत होतं. मग ते वडाआड गेले, आणि आम्हाला दिसायचं बंद झालं. नुसतं ऐकायचं. मी सासूबाईंचा हात धरला.

सासऱ्यांचा आवाज घुमला.

"बा देवचारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी एका आवाजात.

"आज तुजी ल्येकरां तुज्या पायाकडे जमली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"रापणीर तुजी नजर आसांदे! होडयेक पाण्याचा, माणसाक रोगाचा भय नको होवक!"

"व्हय म्हाराजा!"

"औंदा तुजी दरसालची दारू पोलिसांनी फोडून टाकल्यानी म्हाराजा. तेच्या बदलाक ही लाल दारू, गरम करून, खंयसून तरी इलेली, ती मान्य करून घे!"

आणि कोणी 'व्हय' म्हणेना. मला वाटलं मलाच ऐकू आलं नाही. मग रापणीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या गड्याचा आवाज आला.

"तांडेला, खंयसून तरी म्हंजे काय? वाऱ्यान उडान इली? देणाऱ्याचा नाव सांगल्याबिगर मी व्हय म्हणूचंय नाय. उद्या रापण फाटली तर माका सांगू नको."

"एका पावण्यान दिल्यान," सासरे म्हणाले.

"पावण्याची राखण देवचार घेयत नाय. राखण घरच्या माणसाची. दुसरी आसली तर हाड, नायतर ही ओत वाळयेत."

दुसरी असली तर आणा, नाहीतर ही वाळूत ओता! खरं होतं ते. राखणीचा रिवाजच तसा. परक्याच्या हातचं देवचाराला चालत नाही. एवढी धडपड करताना हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. वाटलं, गडगा चढून आत जावं आणि ओरडून सांगावं सगळ्यांना. सासूबाईंनी माझा हात एवढा आवळला की बांगडी रुतली. आत कोंबडा तेवढा एकदा केकाटला.

मग सासऱ्यांचा आवाज आला. मघासारखा मोठा नव्हता.

"म्हाराजा, ही माझ्या झिलान हाडल्यान. माझ्या थोरल्या झिलान."

पुढचं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

"रापणीर नसलो तरी तोय तुज्याच दर्यार आसा म्हाराजा. खंय खंय जाता, माका ठावक नाय. थंय बर्फ पडता म्हणतत. जंय आसात थंय तेका सांभाळ. आणि बरो सुको परत घराक हाड."

"व्हय म्हाराजा!"

वडावरचे कावळे उडाले एवढ्या मोठ्याने. आणि त्यात माझ्या कानाशी एक आवाज. राखणीत बायकांनी तोंड उघडायचं नसतं, पण आमच्या सासूबाई गडग्यावर दोन्ही हात टेकून, पदर खांद्यावर पडलेला, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होत्या, "व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!" बाकीचे थांबले तरी त्या थांबेनात. मीही ओरडले. रडत होते आणि ओरडत होते.

मग सगळं शांत झालं. देवचारापुढे नारळाच्या करटीतून वाईन ओतल्याचा आवाज आला. आणि नंतर, प्रसादाची वेळ आली तसा, सासऱ्यांचा, रोजचा, जरा वैतागलेला,

"हाड रे झिला हकडे. बगत काय ऱ्हवलंस? निवता ती."